ज्योतीराम आणि रिकामा गळ

चिलापीला मासा म्हणायला ज्योतीराम वाकुरेची जीभ रेटायची नाही. "तळहाताएवढा जीव, अर्धा काटा अन् अर्धी खवलं. पोरासोरांनी धरायची वस्तू ही," असं तो चारचौघांत सांगायचा. आणि दर गुरुवारी तीच धरायला जायचा, कारण मोशीच्या अलीकडच्या त्या जुन्या दगडखाणीत दुसरं काही मिळायचंच नाही. खाण बंद पडून वीसेक वर्षं झालेली, पाण्यानं भरलेली, कुणीतरी कधीतरी तिच्यात चिलापी सोडलेली. एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची. बाकीचं जग कामाला जुंपलेलं असताना हा बाबा सकाळी सातला काठी, तंगुसाचं रीळ आणि कणकेचा गोळा घेऊन काठावर हजर. शेजारी समाधान नरवटे, बिस्किटाचा पुडा मांडीवर ठेवून बसलेला.

दोघं भूम तालुक्यातले. एकाच वर्षी इकडं आले, चाकणच्या एकाच कंपनीत प्रेस शॉपला लागले, एकाच महिन्यात पर्मनंट झाले. ज्योतीराम कासारवाडीला स्टेशनजवळ राहायचा, समाधान पिंपळे गुरवला. सतरा वर्षं एकाच बसनं जाणं-येणं, डब्यातली भाजी अर्धी-अर्धी. लोक त्यांना जोडी म्हणायचे. पण काय जोडी होती ती! समाधान म्हणजे कुणाच्या अध्यात न मध्यात. फोरमननं आईवरून शिवी दिली तरी हा मशीन पुसत उभा. आणि ज्योतीराम म्हणजे काड्या करण्यात हाडाचा कलाकार.

माणसाचं दुखरं कुठं आहे, हे त्याला न विचारता कळायचं. कॅन्टीनच्या आचाऱ्याला मूलबाळ नव्हतं. हा ताट पुढं करून म्हणायचा, "वाढा महाराज, घरी खाणारं कोण आहे तुमच्या?" क्रेनवाल्याची बायको माहेरी जाऊन बसली होती, तर हा रोज सकाळी न चुकता विचारायचा, "वहिनींचा फोन?" समोरचा भडकला, शिव्या देऊ लागला, की ज्योतीराम चेहरा इतका भोळा करायचा की त्या बिचाऱ्यालाच वाटावं आपलं डोकं फिरलंय. स्वतः मात्र कधी चिडायचा नाही. लोक हसायचे. मला विचाराल तर त्या हसणाऱ्यांनीच त्याला बिघडवला, पण आता बोलून काय उपयोग.

मार्च संपत आला होता. खाणीतलं पाणी उतरलं होतं आणि काठाजवळ, गुडघाभर पाण्यात, गाळात गोल गोल खळगे दिसत होते, जेवणाच्या ताटाएवढे. प्रत्येक खळग्यात एक चिलापी, कल्ले फुलवून, जागच्या जागी थरथरत उभी. कणीक संपली होती. ज्योतीरामनं गंमत म्हणून गुटख्याच्या पुडीचा निळा तुकडा रिकाम्या गळाला अडकवला आणि सगळ्यात जवळच्या खळग्यात सोडला.

अहो, काठी हातातून गेली! असा हिसका बसला की ज्योतीराम पुढं तोंडावरच पडायचा. त्यानं पाण्यात उडी टाकून काठी धरली, मासा वर काढला, तर काय, तोच तळहाताएवढा जीव. नर होता. काळवंडलेला, डोळे बाहेर आलेले. ज्योतीराम त्याच्याकडं बघतच राहिला.

"समाधान, अरे हा भुकेला नाही रे," तो म्हणाला. "प्लास्टिक होतं नुसतं. रागानं धरलंय ह्यानं."

त्यानं मासा सोडला. मासा सरळ आपल्या खळग्यात जाऊन उभा राहिला. ज्योतीरामनं पुन्हा तोच निळा तुकडा तिथंच सोडला. पुन्हा हिसका, तेवढ्याच जोराचा. पुन्हा काढला, पुन्हा सोडला. त्या सकाळी एकच मासा त्यानं सात वेळा धरला. पाचव्या वेळेला त्याचा ओठ फाटून लोंबत होता, सातव्या वेळेला जबड्याची एक बाजूच राहिली नव्हती, आणि तरी सोडला की तो तिथंच जायचा. ज्योतीराम लहान पोरासारखा हसत होता. सतरा वर्षांत इतका मोकळा हसलेला त्याला कुणी पाहिला नसेल.

"सोड राव त्याला," समाधान म्हणाला. "घर राखतंय ते."

"तेच तर! बाजूला टाक, ढुंकून बघत नाही. घरात टाकलं की झालं काम."

आठव्या वेळेला गळ टाकायच्या आत समाधाननं उठून पाण्यात दगड मारला. मासा पळाला. ज्योतीरामनं मान हलवली आणि बिडी पेटवली.

आता एक सांगितलं पाहिजे, नाहीतर माणूस नुसता काळाच दिसेल तुम्हाला. आदल्या वर्षी समाधानची पोरगी, तनुजा, कॉलेजला म्हणून गेली ती चार दिवस आलीच नाही. कुठल्याशा पोराबरोबर गेली होती. त्या पोरानं चौथ्या दिवशी तिला नगरच्या स्टँडवर बसवलं, पाणी आणतो म्हणाला आणि तोंड काळं केलं. पोरीनं बापाला फोन केला. समाधानच्या हातात फोन धरवेना. ज्योतीरामनं रजा टाकली, स्वतःच्या गाडीवर त्याला मागं बसवून नगर गाठलं. पोरगी बाकावर बसली होती. ज्योतीराम एक शब्द बोलला नाही. उसाचा रस पाजला, बापलेकीला स्वतःची गाडी दिली आणि आपण एसटीत तीन तास उभ्यानं आला. शेजारीपाजारी सांगितलं, मावसबहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. समाधान गळ्यात पडून म्हणाला, "हे तुझ्यात अन् माझ्यात." ज्योतीरामनं गळ्याला हात लावून शपथ घेतली. आणि वर्षभर पाळली. बायकोलासुद्धा बोलला नाही. त्या दिवसाचा ज्योतीराम खरा होता, हे मी कुणापुढंही सांगेन.

पण माशाची गोष्ट पोटात राहिली नाही. कॅन्टीनमध्ये ती त्यानं इतकी रंगवून सांगितली की पर्सोनेलच्या दिग्विजय साहेबांच्या कानावर गेली. साहेब वय वर्षं एकतीस, वाकडला तेराव्या मजल्यावर राहणारे, बोलायला मध. "ज्योतीरामभाऊ, आम्हालाही न्या की एकदा," म्हणाले. पुढच्या गुरुवारी समाधान गावी गेला होता, तेव्हा साहेब आपल्या गाडीतून आले, भारीतली काठी आणि चमकणारे खोटे मासे घेऊन. दोन तास पाणी झोडपलं, शेपूट दिसली नाही.

ज्योतीरामनं निळा तुकडा लावून दिला. "इथं टाका साहेब. नाही, नाही, कडेला नको. खळग्यात, मधोमध."

हिसका बसला तसे साहेब ओरडलेच. मग त्यांना दुसरं काही सुचेना. तासाभरात त्यांनी नऊ मासे काढले आणि काठावर फेकले, ते उन्हात तडफडत राहिले.

"आणि भूक नसेल तर?" त्यांनी विचारलं.

"भुकेचा संबंधच नाही साहेब. पोट भरलेला मासा असू दे, गरीब असू दे. घरात काडी घातली की तोंड उघडणारच."

परत येताना गाडीत एसी चालू होता. भोसरीच्या सिग्नलला साहेब सहज बोलल्यासारखे म्हणाले, "अकरा जण स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म भरत नाहीयेत. समाधानकडं बघून बसलेत. तो काही बोलत नाही, भांडत नाही, नुसता सही करत नाही. शांत माणसाचं काय करायचं, सांगा." आणि मग, "उत्तराखंडच्या प्लांटला माणसं पाठवायची यादी निघतेय. तुमचं नाव आहे तिच्यात. काढता येईल."

ज्योतीरामनं एसीची जाळी दुसरीकडं वळवली.

"त्याचा खळगा कुठं आहे, ज्योतीरामभाऊ?"

नाशिक फाटा येईपर्यंत ज्योतीराम बाहेर बघत होता. भ्याला होता, हे खरं. पन्नाशीला आलेल्या माणसानं उत्तराखंडात जाऊन काय करायचं? पण नुसती भीती असती तर मी त्याला माफ केलं असतं. भीती अर्धीच होती. उरलेली अर्धी हौस होती. सतरा वर्षं सगळी कंपनी त्यानं डिवचून पाहिली होती, एक समाधान तेवढा कधी उसळला नव्हता. तो उसळला तर कसा दिसेल?

"पोरगी," ज्योतीराम म्हणाला.

"पुढचं मला सांगू नका," साहेब घाईनं म्हणाले. "मला माहीत नको. कंपनीच्या आवारात सहकाऱ्यावर हात उचलला की नोकरी जाते, एवढा नियम मला माहीत आहे. आणि कॅन्टीनमध्ये पाण्याच्या मशीनसमोरचं टेबल कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतं. आवाज तेवढा येत नाही त्यात."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तनुजाची सुपारी फुटली. मुलगा बार्शीचा, पतसंस्थेत नोकरीला, घरचे सोज्वळ. समाधान पहिल्या पाळीला पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. जेवणाच्या सुट्टीत सगळे पुढं झाले, तर यानं बॉक्स उघडू दिला नाही. "थांबा रे, पहिला पेढा ज्योतीरामला," म्हणाला आणि त्याला शोधत आला.

ज्योतीराम पाण्याच्या मशीनसमोर बसला होता.

समाधाननं आपल्या हातानं त्याच्या तोंडात पेढा घातला. ज्योतीरामनं तो चावला, अर्धा गिळला आणि शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "बार्शीवाल्यांना त्या चार दिवसांचं सांगितलंस का?"

समाधान हसतच होता. हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, काढायचं विसरल्यासारखं. "काय?"

"नगरचं रे. का मी सांगू? माणसानं माल घेताना सगळं बघून घ्यावं."

पुढचं त्याला नीट दिसलंच नाही. पाण्याचा स्टीलचा जग होता टेबलावर, भरलेला. तो तोंडावर आला. एकदा, दोनदा. खुर्चीसकट ज्योतीराम मागं पडला आणि समाधान त्याच्या छातीवर बसला होता, गळा धरून, आणि त्याच्या घशातून जो आवाज निघत होता तो माणसाचा नव्हता. सहा जण लागले ओढायला. पेढे सगळीकडं सांडले होते, लोकांच्या बुटांखाली चिकटत होते. ज्योतीरामचे पुढचे दोन दात गेले. रक्त गिळता गिळता त्याच्या मनात काय आलं असेल? दुखतंय, असं नाही. चुकलं, असं तर नाहीच. त्याच्या मनात आलं: बाप रे, केवढा जोर!

तासाभरात समाधानला गेटबाहेर काढलं. आठवड्यात चार्जशीट घरी गेली.

चौकशी चालवायला बाहेरून एक वकील आणला होता. समाधानच्या बाजूनं युनियनचा रोहिदास बसायचा, चांगला तयारीचा माणूस. तो समाधानला कळवळून सांगायचा, "अरे राव, तू उगाच मारणारा नाहीस, हे पोरटंसुद्धा सांगेल. तो काय बोलला ते सांग. चिडवून मारायला लावलं हे एकदा कागदावर आलं की नोकरी जात नाही, फार तर पंधरा दिवस घरी बसशील." समाधान मान खाली घालून बसायचा. कागदावर येणं म्हणजे काय, हे त्याला रोहिदासपेक्षा चांगलं कळत होतं. टाइप होणार, चार प्रती निघणार, चौघं वाचणार, संध्याकाळच्या बसमध्ये चाळीस जणांना कळणार. त्यातले दोघं बार्शीचे. लग्नाला महिना होता.

आणि हे सगळं ज्योतीरामनं आधीच धरलेलं होतं, बरं का. मारलं तरी का मारलं ते हा बोलणार नाही, याची त्याला खात्री होती. म्हणून तर दुसरं काही न काढता त्यानं नेमकं तेच काढलं.

दोन तारखा अशाच गेल्या. तिसऱ्या तारखेला ज्योतीरामची साक्ष होती. रोहिदास उठला. "वाकुरे, पेढा तोंडात घातल्यावर तुम्ही काय बोललात?"

समाधाननं मान वर केली आणि गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा ज्योतीरामच्या डोळ्यांत बघितलं. ज्योतीरामला वाटलं होतं, डोळ्यांत आग असेल. आग कसली! समाधान त्याला विनवत होता. ओठ हलत होते त्याचे. नको रे, नको.

"अभिनंदन म्हणालो," ज्योतीराम म्हणाला. दात नसल्यानं शब्दाची हवा निघाली.

समाधाननं सुस्कारा सोडला. सगळ्यांनी ऐकला. वकिलानं त्याच्याकडं वळून विचारलं, "नरवटे, हे खरं आहे?"

"होय साहेब," समाधान घाईघाईनं म्हणाला, कुणी मध्ये बोलेल अशी भीती असल्यासारखा. "अभिनंदनच म्हणाला. माझंच डोकं फिरलं. लिहा तसं."

रोहिदासनं हातातली फाइल टेबलावर आपटली आणि निघून गेला.

समाधानची नोकरी गेली. नऊ दिवसांत अकराच्या अकरा जणांनी सह्या केल्या. ज्योतीराम एकदा साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन यादीचं विचारून आला. "कसली यादी?" साहेब म्हणाले. मग आठवल्यासारखं करून हसले. "अहो, यादीबिदी काही नव्हती. तुम्ही पण ना, ज्योतीरामभाऊ!" ज्योतीरामही हसला. दुसरं काय करणार?

जूनच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी समाधान कासारवाडीला घरी आला. अंगात सोसायटीच्या गेटवरच्या पहारेकऱ्याचा शर्ट होता. वाकडला बारा तासांचं काम मिळालं होतं, पाळी संपवून तसाच आला होता. हातात हळदीकुंकू लावलेली पत्रिका. ज्योतीरामच्या बायकोनं, विजयश्रीनं, त्याला आत घेतलं, पाणी दिलं. तिला एवढंच माहीत होतं की यानं तिच्या नवऱ्याचे दात पाडले. तरी ती म्हणाली, "या भाऊजी. झालं गेलं सोडा आता."

समाधाननं पत्रिका ज्योतीरामच्या हातात दिली. "पहिलीच आहे. देवापुढं ठेवली अन् तुझ्याकडंच आणली."

"बस की."

समाधान बसला नाही. "तनुजाला मामा नाही, तुला ठाऊकच आहे. बोहल्यावर तिला आणायला मामाच्या जागी तू उभा राहा. तीच म्हणाली. काकांनीच आणायचं मला, म्हणाली." मग आवाज उतरवून, "तिला काही माहीत नाही. तू त्या दिवशी चौकशीत साहेबांपुढं तोंड उघडलं नाहीस, लई उपकार झाले, ज्योतीराम. जन्मभर विसरणार नाही."

विजयश्री स्वयंपाकघराच्या दारात थबकली. "कशाचं तोंड उघडलं नाही?"

ज्योतीराम पत्रिका उलटीपालटी करत होता. गप्प राहायला काय जात होतं त्याचं? एक हो म्हणायचं आणि माणसाला वाटेला लावायचं. पण ती जीभ! सतरा वर्षांची सवय, की आणखी काही, त्याचं त्याला कळलं नसेल. पत्रिकेवरनं नजर न उचलता, अगदी सहज, तो म्हणाला, "बार्शीतच लग्न होय? म्हणजे नगरवरनं जायचं का रे?"

बार्शीला जाताना नगर लागत नाही. हे दोघांनाही ठाऊक होतं.

बोलून झाल्याबरोबर ज्योतीराम खुर्चीत मागं सरकला आणि त्याचा हात आपोआप तोंडावर गेला. मार चुकवायला. समाधान दोन पावलं पुढं आला होता. चेहरा पांढराफटक. विजयश्री "अहो, अहो" करत मध्ये धावली.

मारायला नव्हता आला तो. त्यानं दोन्ही गुडघे फरशीवर टेकले, ज्योतीरामची पावलं हातात धरली आणि त्यांच्यावर कपाळ ठेवलं. उठेचना. पाठ हलत होती. ज्योतीरामच्या पायांना ओलं लागलं तेव्हा त्यानं ते मागं ओढायला बघितलं, पण समाधाननं घट्ट धरले होते.

"असू दे, असू दे," ज्योतीराम म्हणाला, घरी नमस्काराला येणाऱ्या कुठल्याही पोराला म्हणतो तसं.

विजयश्री नवऱ्याकडं बघत उभी होती. समाधान ज्योतीरामपेक्षा चार वर्षांनी मोठा होता.